कुत्रा कुत्र्याला चावतो तेव्हा

सरकारी कचेरीत वीस-बावीस वर्षे कारकुनी केली की एक सवय अंगात मुरते. कुणी तक्रार सांगू लागले की ऐकता ऐकताच मनात येते, हा अर्ज कोणाच्या नावाने करायचा? पाण्याचा असला तर कुठे, रस्त्याचा असला तर कुठे, शेजाऱ्याच्या माडाचा चुडता कौलांवर पडला तर कुठे, हे सगळे ठरलेले असते. काम होईल की नाही हा भाग वेगळा, पण पत्ता तरी असतो. एका तक्रारीला मात्र पत्ताच सापडत नाही, हे मला २०२५ च्या जूनमध्ये कळले. तक्रार एवढीच होती की एका घरच्या कुत्र्याने दुसऱ्या घरच्या कुत्र्याला फाडले.

यात तक्रार कसली, असे काहींच्या मनात येईल. आपण वाड्यावर वाढलेली माणसे. आमच्या लहानपणी कुत्रा घराचा असे, पण घरात नसे. तो अंगणात, भाटात, नाहीतर देवळाच्या पायऱ्यांवर असायचा. भाद्रपदात साऱ्या वाड्याची कुत्री रात्रभर भांडत. सकाळी एखादा लंगडत परत येई, आजी त्याला हळद-तेल लावी आणि विषय तिथेच संपे. कुणाच्या कुत्र्याने कुणाच्या कुत्र्याला चावले याचा हिशेब कुणी ठेवत नसे. दोन्ही कुत्री मोकळी असत आणि हरणाऱ्याला पळायला जागा असे. फ्लॅटच्या कॉलनीत ती जागा उरलेली नाही. एकाच्या गळ्यात दोर, दुसरा मोकळा, एका बाजूला कंपाऊंडची भिंत आणि दुसऱ्या बाजूला ओळीने उभ्या गाड्या, अशा ठिकाणी जे होते त्याला 'भांडण' हा शब्द मला पटत नाही.

आमची कॉलनी फोंडा तालुक्यात आहे. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. त्यांना सगळेच 'बाई' म्हणतात, मीही. त्यांचा मोत्या अकरा वर्षांचा होता. गावठी, तांबूस, एका डोळ्याने जवळजवळ आंधळा. पिल्लू असताना पावसात गटारात सापडलेला. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण रोज फूल वाहतो आणि त्याच रंगरूपाचा कुत्रा दारात आला तर काठी शोधतो. बाईंनी काठी शोधली नव्हती एवढेच.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचा जर्मन शेफर्ड तीन वर्षांचा. त्यांचे बाजारात हार्डवेअरचे दुकान आहे, माणसे वाईट म्हणावीत अशी मुळीच नाहीत. कुत्र्याला फिरवायचे काम मुलाकडे, आणि मुलाची पद्धत अशी की दोर खांद्यावर टाकायचा, कुत्र्याला जिन्यावरून मोकळाच खाली आणायचा आणि दोर घालायचा तो गेटापाशी. आदल्या सहा महिन्यांत तो कुत्रा दोन वेळा दुसऱ्या कुत्र्यांवर धावून गेला होता. दोन्ही वेळा "खेळता तो" असे उत्तर मिळाले होते.

त्या संध्याकाळी बाई मोत्याला दोराने धरून पार्किंगमधून परत येत होत्या. जर्मन शेफर्ड जिन्यातून आला आणि त्याने थेट मानेला धरले. मी गॅलरीत कपडे काढत होते, मला सगळे दिसले. बाई ओरडत होत्या, "धर रे ताका, धर!" मुलगा पाच-सहा पावलांवर उभा राहून कुत्र्याला नावाने हाका मारत होता. कानाचा मोबाईल त्याने खाली घेतला होता, पण पुढे येईना. शेवटी वॉचमनने गाडी धुण्याची बालदी दोघांवर ओतली, तेव्हा दात सुटले. या गडबडीत बाईंच्या डाव्या हाताला दोन दात लागले. (अशा वेळी तोंडात हात घालायचा नसतो. पाणी मारावे, जाड पोते टाकावे, नाहीतर मागचे पाय धरून मागे ओढावे, असे पशुवैद्यांनी नंतर सांगितले. पण मोत्याच्या मानेवर दात दिसत असताना पोते कोण शोधणार?)

कुत्र्याच्या चाव्याची जखम फसवी असते, हेही तेव्हाच कळले. वरून चार भोके दिसत होती, बोट जाईल एवढी. पण कुत्रा नुसता चावत नाही, धरून झटके देतो. कातडे सैल असते, ते ताणून परत जागेवर येते. खालचे मांस मात्र सुटून फाटते आणि तिथे पू धरतो. मोत्याला टाके घातले, नळी बसवली, सलाइन लावले. आठव्या दिवशी तो गेला. दवाखान्याची आणि औषधांची बिले मिळून तेरा हजार आठशे रुपये झाले. बाईंना आरोग्य केंद्रात रेबीजची इंजेक्शने घ्यावी लागली. गोव्याला २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केले गेले असले तरी चावल्यावर इंजेक्शन चुकवायचे नसते.

दुसऱ्याच दिवशी, मोत्या दवाखान्यात असताना, आम्ही पोलिसांकडे गेलो होतो. हवालदार सभ्य माणूस. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, तुमकां चाबलां?" बाईंनी हात पुढे केला. तेव्हा त्याने पेन उघडले.

त्याचे काही चुकले नाही, कायदाच तसा आहे. जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा करणाऱ्याला शिक्षा देणारे जुन्या दंड संहितेचे २८९ कलम, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत २९१ झाले आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हे कलम माणसाच्या जिवाला असलेला धोका आणि गंभीर दुखापतीचा धोका याबद्दल बोलते. कुत्र्याने कुत्र्याला मारले, तर केवळ तेवढ्यावर ते जागे होत नाही. दुसरे कलम आहे ३२५, जनावराला ठार मारण्याचे किंवा अपंग करण्याचे, पाच वर्षांपर्यंत कैदेचे. पण त्यासाठी धन्याचा हेतू दाखवावा लागतो, किंवा असे नुकसान होणार हे त्याला ठाऊक होते हे तरी. कुणी कुत्रा अंगावर सोडला तर ते लागेल. 'दोर घालायचा राहिला' याला लागत नाही. थोडक्यात, निष्काळजीपणाचे कलम माणसासाठी आणि जनावराचे कलम हेतूसाठी. मोत्या या दोहोंच्या मधल्या फटीत पडला.

बाईंच्या हाताचे दोन दात थोडे फुगवून लिहिले असते तर फाईल हलली असती. मी तसे सुचवलेही, कचेरीत राहून माणूस असली वळणे शिकतो. बाई म्हणाल्या, "म्हज्या हाताखातीर हांव आयिल्लें ना." मग आम्ही तक्रारीत जे घडले तेवढेच लिहिले, पोच घेतली आणि घरी आलो.

आता किमतीचे सांगते. १८६० च्या दंड संहितेत जनावराला मारण्याची दोन कलमे होती. दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे जनावर मारले तर एक शिक्षा. हत्ती, उंट, घोडा, गाय, बैल, म्हैस यांपैकी मारले, किंवा पन्नास रुपयांवरचे दुसरे कोणतेही मारले, तर जास्त शिक्षा. नव्या संहितेने किमतीची ही पायरी काढून टाकली, हे बरे झाले. पण माणसांच्या डोक्यातून ती निघालेली नाही. मोत्या गेल्याचे कळल्यावर तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सपत्नीक बाईंकडे आले. हात जोडून म्हणाले, "बाई, सुणीं तीं, झगडटलींच. हांव तुमकां बरें पिल्लूं हाडून दितां." 'बरें' म्हणजे जातिवंत. त्यांच्या मनात वाईट नव्हते. दुकानदार माणूस, मोडलेल्या वस्तूऐवजी वरच्या दर्जाची वस्तू देत होते. बाईंनी त्यांना चहा दिला आणि पिल्लू नको म्हणून सांगितले.

त्या आठवड्यात माझ्या मनाने घेतले की हा प्रश्न जुन्या लोकांना पडला असणारच. बी. ए. ला संस्कृत घेतले होते, त्याचा उपयोग पगाराला झाला नाही, पण पुस्तके राहिली आहेत. पहिल्यांदा आठवली ती महाभारताच्या आदिपर्वातली सरमा. जनमेजयाच्या यज्ञाच्या ठिकाणी एक कुत्रा येतो, राजाचे भाऊ त्याला मारतात, तो रडत आईकडे जातो. देवांची कुत्री सरमा सरळ यज्ञात येऊन विचारते, माझ्या मुलाने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही, मग त्याला का मारले? कुणी उत्तर देत नाही. ती शाप देते आणि राजाला तो निवारायला पुरोहित शोधत फिरावे लागते. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच कुत्रीची फिर्याद आहे आणि ती खरी धरलेली आहे. पण तिथे मारणारी माणसे होती.

कुत्र्या-कुत्र्याचे सापडले ते कौटिल्याकडे. र. पं. कंगले यांनी संपादलेले अर्थशास्त्र वाचनालयातून आणले. चौथ्या अधिकरणाच्या, म्हणजे कंटकशोधनाच्या, शेवटच्या अध्यायात एकामागोमाग दोन नियम आहेत. पहिला असा की शिंगाचे किंवा दातांचे जनावर माणसाला इजा करीत असताना धनी सोडवीत नसेल तर त्याला पहिल्या पायरीचा साहसदंड, आणि समोरच्याने ओरडून हाक दिली असूनही सोडवले नाही तर दुप्पट. याज्ञवल्क्य स्मृतीतही जवळजवळ हेच आहे. दुसरा नियम आमच्या कॉलनीसाठीच लिहिल्यासारखा वाटतो. अशा जनावरांकडून एकमेकांचा घात करवणाऱ्याने मेलेल्या जनावराची भरपाई द्यायची आणि तेवढाच दंडही भरायचा. शामशास्त्री यांच्या इंग्रजी भाषांतरात 'करवणारा' याच्या जोडीला 'होऊ देणारा'ही धरला आहे. मूळ शब्दाला तो अर्थ किती पेलतो याचा वाद पंडितांनी घालावा. मला त्यातली 'ओरडून हाक दिली असता' ही अट फार महत्त्वाची वाटली. जनावर कोणत्या जातीचे, त्याचा स्वभाव कसा, आधी कुणी गुरगुरले, यातले काहीच कौटिल्य विचारत नाही. त्याचे प्रश्न दोनच: सोडवणे तुझ्या हातात होते का, आणि हाक तुला ऐकू आली होती का?

करवण्याचे म्हणाल तर ते आपल्याला नवीन नाही. धिरयोत बैल आणि रेडे झुंजवणे हा आपला जुना षोक. करमणुकीसाठी प्राण्यांची झुंज लावणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि गोव्यात धिरयोवर नव्वदच्या दशकात उच्च न्यायालयाने बंदीही घातली. पण झुंज लावणे वेगळे आणि पार्किंगमध्ये दोर खांद्यावर टाकणे वेगळे. या दुसऱ्याला दिवाणी दाव्याची वाट उरते, निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान म्हणून.

आमच्या कचेरीत जुने पोर्तुगीज कागद वाचणारे एक सहकारी होते, आता निवृत्त झाले. त्यांना फोन केला. त्यांनी सांगितलेली गोष्ट गोंयकाराने तरी माहीत करून घ्यावी अशी आहे. जुन्या इंग्रजी कायद्याची रीत अशी होती की कुत्र्यासारख्या पाळीव जनावराने नुकसान केले तर त्याची खोड धन्याला आधीपासून ठाऊक होती, हे तक्रार करणाऱ्याने दाखवायचे. १८६५ साली ब्रिटिश पार्लमेंटने हा भार काढला, पण तो कुत्र्याने गुरांना आणि मेंढ्यांना केलेल्या इजेपुरता. कुत्र्याने कुत्र्याला केलेल्या इजेला ती सवलत नव्हती. आपल्याकडे १८७० पासून लागू झालेल्या १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत याच्या उलट होते. ज्याचे जनावर दुसऱ्याचे नुकसान करील त्याने ते भरून द्यायचे, आणि सुटायचे असेल तर आपल्याकडून हयगय झाली नाही हे त्या धन्यानेच सिद्ध करायचे. आज त्या संहितेचे नाव निघते ते लग्न आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेच्या बोलण्यात. हे जनावरांचे कलम कुणाच्या ध्यानीमनीही नसते. मला ते फार शहाणपणाचे वाटले. एकट्या बाईने, आंधळ्या कुत्र्याला धरून चालताना, दुसऱ्याच्या कुत्र्याच्या स्वभावाचे पुरावे कुठून गोळा करायचे? दोर ज्याच्याजवळ होता त्याने सांगावे की तो कुत्र्याच्या गळ्यात का नव्हता.

जुलैमध्ये सोसायटीची सभा झाली. सभांना एरवी कोरम होत नाही, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. पहिली वीस मिनिटे सगळे जातींवर बोलले. ऑगस्ट २०२४ मध्ये बार्देशात पिटबुलने सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला, ते कुणी विसरलेले नव्हते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींवर बंदीचे परिपत्रक काढले होते, ते एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले, याचीही उजळणी झाली. गोवा विधानसभेने हिंस्र प्राण्यांचे प्रजनन आणि पाळणे यांवरचे विधेयक त्याच वर्षी, २०२५ साली, संमत केले. हे सगळे आवश्यक असेल, पण त्या तेवीस जातींत जर्मन शेफर्ड नव्हताच. आणखी एक गंमत सांगते. घटना कानावर पडल्या पडल्या कॉलनीत "भायल्यांचो सुणो आसतलो" असे सुरू झाले होते. कुत्रा आपल्याच माणसाचा, तोही पिढीजात फोंडेकराचा, हे कळल्यावर तो सूर एकदम खाली आला आणि "जावं दी, शेजार मोडपाक नाका" असा नवा लागला.

एकाने ठराव मांडला की कॉलनीत कुत्रेच नकोत. असा ठराव सोसायटीला करता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. पण त्याला पहिला विरोध बाईंनी केला. म्हणाल्या, कुत्रे राहू देत, दोर दाराच्या आत घाला. दुसऱ्या कुणाला गेटाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांचा विषय काढायचा होता. तो स्वतंत्र विषय आहे, २०२३ च्या नियमांचा आणि ऑगस्ट २०२५ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा. त्या कुत्र्यांना धनी नाही म्हणून तिथे प्रश्न वेगळा पडतो. आमच्या प्रकरणात धनी होता, समोर बसला होता.

गृहस्थ बिल भरायला लगेच तयार झाले. वर पाच हजार द्यायलाही तयार झाले. बाईंना ते पाच हजार नको होते. त्यांना एक ओळ लेखी हवी होती, की कुत्र्याच्या गळ्यात दोर नव्हता आणि हाक मारूनही त्याला धरले नाही. इथे घोडे अडले. पैसे देणारा माणूस ती ओळ द्यायला तयार होईना. वकिलाने सांगितले होते, काही लिहून देऊ नका. वकिलाचे बरोबरच होते, पण त्यामुळे तीन महिने एकाच जिन्याने जा-ये करणारी माणसे एकमेकांकडे न बघता जात होती. गृहस्थांची पत्नी मला एकदा बाजारात भेटली. म्हणाली, पोरगो आतां कोणाकडेन उलयना, जेवपाक बसना. मुलालाही ते अर्धे मिनिट सुटलेले नव्हते. तो वाईट पोरगा नव्हे. भ्याला होता. आणि त्याच्या भीतीला 'सुणीं झगडटलींच' असे नाव देऊन घरच्यांनी ती झाकली होती.

शेवटी मी बाईंना तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायला लावला. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली बाईमाणसाला तिचे उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे पुष्कळ बायकांना माहीत नसते. दावा दाखल होण्याआधीच दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवता येते. ऑक्टोबरात दोन बैठका झाल्या. पहिलीत वडील बोलले. दुसरीला मुलगा आला आणि वडील काही म्हणायच्या आत त्याने सांगितले, दोर माझ्या खांद्यावर होता, बाई हाका मारत होत्या, मला पुढे जायला धीर झाला नाही. बाईंनी त्याला विचारले, "तुका खंय लागलें ना मरे?" पाच महिने झाल्यावर त्यांना हे विचारायचे होते!

कागद मी लिहिला. त्यात चार गोष्टी आल्या. बिलाची पूर्ण रक्कम दोन हप्त्यांत द्यायची. कुत्र्याला फ्लॅटच्या दारातूनच दोर घालायचा आणि तो आखूड धरायचा. त्याला शिकवणारा माणूस लावायचा. आणि ती ओळ, मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितली तशी, त्याच्याच सहीने. मोत्याची किंमत म्हणून रकाना मी ठेवला होता, तो बाईंनी रेघ मारून काढला. वडिलांनी शेजारी सही केली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, पण हात थरथरला नाही.

दुसरा हप्ता डिसेंबरात आला, सहा हजार नऊशे. पाच हजारांच्या वरची रक्कम म्हणून पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे लागले. तिकीट कॉलनीत कुणाकडेच नव्हते, मी कचेरीतून येताना पोस्टात थांबून घेतले.